अकरा हजार दोनशे सेहेचाळीस पुस्तिका आणि एक रिकामी जागा

३ फेब्रुवारी, सोमवार
यंत्रसंग्रहालयाचे उत्तर आले. माझा माहितीपुस्तिकांचा संग्रह स्वीकारण्यास ते तयार आहेत. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, कोणत्याही यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका निघते आणि लोक जी खोक्यासकट फेकून देतात, ती मी सत्तावीस वर्षे जपली. आजचा साठा ११,२४६. प्रत्येक प्लॅस्टिकच्या पाकिटात. एकही उघडलेली नाही.
अट एकच. संग्रहाचे वर्णन करणारे एक पानी इंग्रजी पत्र अठ्ठावीस तारखेपर्यंत पोचले पाहिजे. पोचल्यावर तीन दिवसांत त्यांची गाडी येईल.
योग उत्तम जुळला आहे. सौभाग्यवतीच्या खुब्याचे ऑपरेशन एकोणीसला. पुढे तीन महिने जिना वर्ज्य, असे सर्जननी बजावले आहे. तळमजल्यावर खोली एकच, आणि तीत संग्रह. पत्र उद्या जाईल. दहा तारखेपर्यंत खोली मोकळी. नियोजन म्हणतात ते हेच.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पत्र अर्ध्या तासात लिहून झाले. फक्त पहिल्या वाक्यात एक जागा रिकामी आहे: माझ्याकडे माहितीपुस्तिकांचा अमुक संग्रह आहे. ‘अमुक’च्या जागी नेमके इंग्रजी विशेषण हवे. ‘बिग’ शाळकरी. ‘लार्ज’ शर्टाच्या कॉलरवर असते. ‘ह्यूज’ चुका असतात. गोदामात तीस वर्षे साठा तपासणारा बी.कॉम. माणूस पहिल्याच वाक्यात घसरणार नाही.
ही म्हणाली, अहो, मोठ्ठा म्हणून लिहा आणि टाका पेटीत. मी म्हणालो, मोठ्ठाला किती ते कोण सांगणार? ती म्हणाली, मग आकडा लिहा. आकडा दुसऱ्या वाक्यात आहे. तिला रचनेची जाण नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शेजारच्या मास्तरांकडे गेलो. निवृत्त, इंग्रजीचे. त्यांनी डोळे मिटून ‘व्हास्ट’ सुचवले. वाळवंट, समुद्र, आकाश, असे म्हणत त्यांनी हातही पसरले. घरी येऊन विचार केला. या तिन्ही ठिकाणी मुख्यतः काहीच नसते. माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. व्हास्ट बाद.
हिने विचारले, गेलं का पत्र? म्हणालो, नव्व्याण्णव टक्के. ती म्हणाली, मग माझा पलंग नव्व्याण्णव टक्के खाली आला म्हणायचा.

९ फेब्रुवारी, रविवार
‘इमेन्स’ म्हणजे मोजता न येणारे. मी मोजले आहे. ‘इन्यूमरेबल’, म्हणजे अगणित, हा तर वैयक्तिक अपमान. ‘कोलॉसल’ला ढोलताशा लागतो. ‘कन्सिडरेबल’ सभ्य आहे, पण त्यात कोणीतरी विचारात घेतल्याचा भास होतो, आणि सत्तावीस वर्षांत तसे कोणी घेतलेले नाही. एक चुलतभाऊ एकदा खोलीत आला होता. तो बाथरूम शोधत होता.
निर्धार: बुधवारपर्यंत निर्णय.

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ६.४०
सापडले! दाढी करताना. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. भारदस्त, पण बढाईखोर नाही. लगेच रिकाम्या जागी लिहिले आणि पाकीट चिकटवले.

त्याच दिवशी, दुपारी
पाकीट उघडले. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सर्वसमावेशक. आकार सांगणारा शब्द नव्हे हा, दावा आहे. दाव्याला पुरावा लागतो. हाताने चालवायच्या शिलाई मशीनची दुसरी आवृत्ती माझ्याकडे नाही. एका कंपनीचे पाच पंप आहेत, सहावा नाही. रजा टाकून यादी केली. उणीव: २१४.
मार्ग सरळ आहे. शब्द बदलायचा नाही. संग्रह शब्दाच्या लायकीचा करायचा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रद्दीवाल्याकडून तीन पोती आणली. पुस्तिका १७३ निघाल्या. उणिवांपैकी नऊ. मात्र प्रत्येक नव्या पुस्तिकेच्या मागे तिच्या चार बहिणींची नावे छापलेली असतात, त्यामुळे उणीव आता ३३१. अचूकता वाढली, हा लाभच मानायचा.
पोती तूर्त पॅसेजमध्ये ठेवली. ही जिन्याचा कठडा धरून वरून पाहत होती. म्हणाली, ऑपरेशन माझं आहे की या बाडाचं? मी बाड शब्दाला हरकत घेतली. ती म्हणाली, माझ्या आईच्या आजारपणातही तुम्ही खोली देतो म्हणाला होतात, ती गेली हॉलमधल्या खुर्चीत. हे विषयाला सोडून होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार
ऑपरेशन. दोन तास दहा मिनिटे. यशस्वी. बाहेर बसून ‘एक्स्टेन्सिव्ह’चा विचार केला. वाईट नाही, पण विस्तीर्ण जमिनीसारखा वाटतो. कॉरिडॉरमधल्या एका यंत्राला दोऱ्याने पुस्तिका बांधलेली दिसली. नर्सला विनंती केली. ती म्हणाली, काका, ते पेशंटला लावलंय. मी म्हणालो, यंत्र राहू द्या, फक्त पुस्तिका. तिने सोबत आलेल्या कन्येकडे पाहिले. कन्या मला हाताला धरून चहाला घेऊन गेली. ताण आला असेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
ही घरी आली. खोली भरलेली असल्याने पलंग पॅसेजमध्ये टाकला. पोती भिंतीशी सरकवली. चालायला दोन फूट उरतात, एका माणसाला पुरेसे. शिवाय संडास जवळ.
वॉकर आणला आहे, घडीचा. जोडणी मीच केली. चार पाय आणि एक दांडा, त्यात शिकण्यासारखे काय असते? पुस्तिका मात्र अप्रतिम. गुळगुळीत कागद, कोपरे शाबूत. न उघडता पाकिटात घातली. मधल्या आठवड्यातली किरकोळ आवक धरून क्रमांक ११,४६१.
ही म्हणाली, वॉकर थोडा हलतो हो. म्हणालो, नवा आहे, सवय होईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
शेवटचा दिवस. कॉम्प्रिहेन्सिव्ह जड अंतःकरणाने खोडून ‘सब्स्टॅन्शियल’ केले. संग्रहालयात स्वतः नेऊन द्यायला निघालो. फाटकापर्यंत पोचलो. तिथे मनात आले, सब्स्टॅन्शियल, म्हणजे भरपेट, नाश्ताही असतो. परत आलो. सोमवारी देईन. जाणकार संस्था आहे, तीन दिवसांसाठी अडवणार नाही.
ही झोपल्या झोपल्या म्हणाली, आज गेलं ना? मी म्हणालो, जवळजवळ. तीस वर्षांत कोणत्याही अहवालात मी हा शब्द लिहिलेला नाही.

२ मार्च, रविवार, सकाळी ७.१०
ही पॅसेजमध्ये पडली. वॉकरचा पुढचा पाय आत घसरला, तोल गेला, पोत्यांमुळे धरायला भिंत मिळाली नाही. त्याच खुब्यावर.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हाड सरकले आहे. पुन्हा ऑपरेशन.
कन्येने हॉस्पिटलमधून परतल्यावर वॉकर उलटा करून पाहिला. विचारले, बाबा, याची पुस्तिका कुठाय? हा प्रश्न मला घरात कोणी प्रथमच विचारला. मांडणी चार, कप्पा दोन, खोके एकोणीस. दीड मिनिटात हजर केली. तिने पाकीट फाडले. तिसऱ्या पानावर चित्र आहे, खाली ठळक अक्षरे. तिने मोठ्याने वाचली: प्रत्येक पायाचे बटण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे, अन्यथा पाय निसटू शकतो. पुढचेही वाचले: मार्ग किमान तीन फूट मोकळा ठेवावा. मग म्हणाली, बाबा, अकरा हजार आहेत तुमच्याकडे. एक वाचायची होती.
क्रमांक ११,४६१ ची स्थिती रजिस्टरमध्ये बदलली: न उघडलेली ऐवजी फाटलेली.

६ मार्च, गुरुवार
दुसरे ऑपरेशन झाले. सर्जन म्हणाले, आता काठीशिवाय कधीच नाही. ‘कधीच’ला मी काही पर्याय सुचवला नाही.
हॉस्पिटलमधून ही परस्पर कन्येकडे जाणार आहे. कन्येने आपली बैठकीची खोली एका दुपारीत रिकामी केली. मी हिला म्हणालो, तीनच महिने. ती छताकडे पाहत होती. टोमणा मारेल म्हणून थांबलो. मारला नाही. उशी नीट करा, एवढेच म्हणाली, आणि तेही नर्सला.

१० मार्च, सोमवार
संग्रहालयात फोन केला. मॅडम सौजन्याने बोलल्या. जागा दुसऱ्या एका गृहस्थांना दिली. त्यांच्याकडे ३४० पुस्तिका आहेत. मी विचारले, त्यांनी कोणते विशेषण वापरले? मॅडमना प्रश्न समजेना. म्हणाल्या, त्यांनी ‘काही पुस्तिका’ लिहिलं होतं बहुतेक. आम्ही आकडाच बघतो हो, कपाटं किती लागतील ते कळायला. तुमचा किती होता? सांगितला. मग म्हणाल्या, अरे बापरे.
हे विशेषण नव्हे.

१६ मार्च, रविवार
रद्दीवाला आला. दारात उभा राहून म्हणाला, साहेब, चार फेऱ्या होतील. एका नजरेत. दुपारी एकपर्यंत चार फेऱ्या झाल्या, ना कमी ना जास्त.
कन्येकडे फोन केला. कळवले की खोली मोकळी आहे, पलंग आत लावला आहे, खिडकीही उघडते. हिने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, बरं. विचारले, कधी येतेस? म्हणाली, इथे बरं आहे हो मला. मग, जेवलात का? मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.
खोली दहा बाय बारा. मध्ये उभा राहिलो. मास्तरांचा ‘व्हास्ट’ चालला असता.
पॅसेजमध्ये वॉकर तसाच होता. त्याची पुस्तिका, क्रमांक ११,४६१, तेवढी ठेवून घेतली आहे. जमिनीवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बारा पाने, सात मिनिटे. मग एकेक पायाचे बटण दाबून पाहिले. चारही वेळा टक् असा आवाज आला. फार जोरही लागत नाही.