विमलताईंच्या भिंतीवरचा क्यूआर

नेर, ४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. सुहासिनीताईस,
नीळकंठचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय बोलण्याला अक्षर नसतं, आणि माझं अक्षर पुसदपर्यंत पोचावं अशी माझी हौस आहे. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती कुरकुरते.

आता मुद्द्याचं. बसस्टँडसमोरच्या तर्री-पोह्यांच्या विमलताई तुला आठवत असतील. त्यांच्याकडे आता दहात आठ गिऱ्हाइकं फोननंच पैसे देतात. बस सुटायच्या घाईत सुट्ट्या पैशांचा घोळ नाही, म्हणून बाईही खूश होत्या. पण मागच्या आठवड्यात कोण्या हरामखोरानं त्यांच्या क्यूआरच्या स्टिकरवर बेमालूम आपलं स्टिकर चिकटवलं. सकाळभर लोक पोहे खाऊन गेले आणि पैसे भलत्याच्याच खात्यात. विमलताई रडल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पोह्यांत मीठ नव्हतं.

मी तिथंच चहा पीत होतो. म्हटलं, ताई, तुमचा क्यूआर मी भिंतीवरच रंगवून देतो, चांगला दोन बाय दोन फूट. त्यावर कोणाला काही चिकटवायचं असेल तर त्यानं घरून चादर आणावी. सगळं दुकान हसलं. पोटचा पोरगा पियूषही हसला, आणि ते मात्र मला लागलं. फ्लेक्स आल्यापासून माझा ब्रश वाळत चालला आहे, हे तू जाणतेस. मोबाईल कव्हरचा एक दुकानदार माझा रंगकामाचा गाळा भाड्यानं मागून राह्यला आहे, आणि पियूषचं म्हणणं, बाबा, दिवाळीनंतर देऊन टाकू. मी त्याला चारचौघांत सांगून बसलो, की ही भिंत फोननं वाचली तर गाळा माझा; नाही वाचली तर किल्ली तुझी.

ताई, सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं एका ओळीत एकेचाळीस चौकोन आखले. डावीकडून मोजले, मग उजवीकडून. एक चौकोन इकडचा तिकडे नाही. मग आपल्या हातची ओळख हवी म्हणून प्रत्येक काळ्या चौकोनाला किरमिजी सावलीची शेड दिली आणि चारही बाजूंनी, चौकोनांना खेटून, वेलबुट्टीची किनार काढली. रिकामी जागा सोडणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, हे माझं तत्त्व तुला ठाऊक आहे.

अख्खा बसस्टँड बघायला जमला. सगळ्यांनी फोन धरले. एकाही फोननं वाचलं नाही. बळीराम कंडक्टर म्हणाला, पेंटरसाहेब, हे हात जोडायले लय चांगलं आहे, याले पैसे कायले मागता?

पियूषनं किल्ली मागितली नाही. मागितली असती तर भांडता तरी आलं असतं. कुठं चुकलं ते कळत नाही, आणि मोजण्यात चुकलेलं नाही हे मी लिहून देतो.

लोभ आहे तेवढा पुरे, सल्ला मात्र वाढव.

तुझा,
नीळकंठ


पुसद, १० ऑगस्ट २०२४

चि. नीळकंठ यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत राखी आहे. ती आधी बाजूला ठेव, नाहीतर तिच्यावरही वेलबुट्टी काढशील.

तुझ्या भिंतीचा फोटो पियूषनं आमच्या सूनबाईच्या, शाल्मलीच्या, फोनवर पाठवला. आत्याला दाखव, बाबा जेवत नाहीत, असं खाली लिहिलं होतं. तो हसला खरा, पण तुझ्यावर हसला असं समजू नकोस.

काम देखणं झालंय रे. इतकं, की मुंडावळ्याच दिसतात, नवरदेवाचं तोंड दिसत नाही! तुला रिकामं काही बघवतच नाही. माझ्या लग्नात पाहुण्यांच्या पेट्यांवर तू त्यांची नावं रंगवलीस. एक पाहुणे अजून ती पेटी लपवून ठेवतात.

मी दुसूती भरते, मोजून टाके घालते, म्हणून मला शंका आली. मोराभोवती कोरं कापड सोडलं नाही तर मोर कुठं संपला ते दिसत नाही. काल भाजीवाल्या धनीबाईंच्या स्टिकरभोवती मी माझ्या साडीचे काळे काठ अगदी खेटून धरले. शाल्मलीचा फोन आंधळा झाला. काठ बाजूला घेतले, लगेच वाचलं. तीनदा करून पाहिलं. शेवटी धनीबाई म्हणाल्या, काहून वं बाई, भाजी घेऊन राह्यली का जादू करून राह्यली? मग पावशेर गवार जास्तीची घ्यावी लागली, ती तुझ्या नावावर.

तर किनार पूस. शेडही पूस, चौकोनांच्या कडा तिनं बुजल्या आहेत. भोवती चांगली चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोड. जीव जाईल तुझा, पण सोड.

माया आहेच, ती पत्रात किती मावणार!

तुझी,
सुहासिनीताई


नेर, २५ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राखी पोचली. तुझं म्हणणं बरोबर निघालं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही.

किनार खरवडली. शेड खरवडली. भोवतीची पांढरी पट्टी रंगवताना दोनदा ब्रश खाली ठेवला, कारण काहीच न काढायला मी आयुष्यात पहिल्यांदा शिडीवर चढलो होतो. काळा रंग बिनचकाकीचा घेतला. उन्हात चकाकणारी भिंत वाचता येत नाही, हे तरी मला कोणी शिकवायला नको.

पहिला फोन बळीरामचाच. त्यानं लांबून सहज धरला, अन् फोनवर विमलताईंचं नाव आलं! त्यानं पोह्यांचे पैसे दिले आणि टेबलावरचं, त्या चोरीनंतर घेतलेलं, पैसे आल्याचं सांगणारं मशीन बोललं. विमलताईंच्या हातातला झारा खाली पडला. मग तर रांगच लागली. ज्यांनी खाल्लं नव्हतं त्यांनीही भिंत वाचून पाहिली.

पण खरी गंमत पुढं. अमरावतीची बस हलली आणि एका बाईच्या ध्यानात आलं, की पैसे द्यायचे राहिले. तिनं खिडकीतूनच फोन भिंतीकडं धरला आणि इकडं मशीन बोललं. तिकडं बस वळली! हाताएवढ्या स्टिकरच्या बापाला जमेल का हे, सांग. बसस्टँडवर टाळ्या पडल्या. ताई, एवढे बोर्ड रंगवले मी, टाळी कधी पडली नव्हती.

आता कळंबहून देवळाच्या वाटेवरच्या फुलवाल्यांचं बोलावणं आलं आहे. नेरातले पानवाले, सायकलवाले, सगळे रांगेत. पियूषनं स्वतःहून एक नियम केला आहे: रंग वाळला की आधी त्यानं एक रुपया पाठवून पाहायचा, दुकानदाराचंच नाव आलं तर काम पूर्ण. मी मोजणार, तो तपासणार. माझ्या मोजणीवर कोणी तपासनीस बसेल असं वाटलं नव्हतं, पण बसला आहे आणि फार कडक आहे.

काल कव्हरवाला टेप घेऊन गाळ्याचं माप घ्यायला आला. मी आत रंगाचे डबे धूत होतो. पियूषनं त्याला दारातच थांबवलं आणि सांगितलं, की भाऊ, दुसरीकडं पाहा, हा गाळा चालू आहे.

मी बाहेर आलो नाही. डबे धूत राहिलो, धुतलेलेसुद्धा.

कामं फार आहेत म्हणून लोभाला सुट्टी देऊ नकोस.

तुझा,
नीळकंठ पेंटर