उलट्या पिळाचा उतार

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. तू विणलेला डोंगर वर्तमानपत्रात आला आणि इथे जो तो मला फोटो दाखवत सुटलाय, जणू आपल्या घरामागचा डोंगर मी कधी पाहिलाच नाही! तुझ्या भावोजींनी तर ते पान कपाटाला चिकटवलंय. मी हसले, पण पोटात दुखलं. लपवत नाही.

पण बाई, त्यात माझा उतार कुठे आहे? घायपाताची पानं कुजवून, झोडून, बोटं सोलवटून मी तुला एका उताराच्या दोऱ्या वळून पाठवल्या. मी डावखुरी, माझा पीळ उलटा पडतो, तो मला फोटोतही ओळखू येतो. इथे दोन्ही उतारांना तुझाच पीळ. खाली तुझं एकटीचं नाव, ते मी गिळलं होतं. आता दोऱ्याही नकोशा झाल्या?

लोभ आहेच, तूर्त जरा कमी.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, तुझा उतार मीच उसवला. माझ्या कामाच्या खोलीत येणारा प्रत्येक जण थेट त्याच्यापाशी जायचा, हात फिरवायचा, हा पीळ कुणाचा म्हणून विचारायचा. डोंगर मी आखला, सांगाडा मी बांधला आणि माझ्या बाजूकडे कुणी ढुंकून पाहीना! लहानपणी आई तू विणलेली टोपली पाहुण्यांपुढे ठेवायची आणि माझ्या टोपलीत कांदे, ते सगळं वर आलं. रागाच्या भरात तो उतार मी माझ्या दोऱ्यांनी विणला.

आता सगळा पीळ एकाच बाजूचा झालाय आणि डोंगर रोज थोडा कलतोय. टेकू लावले तरी मान टाकतो. तुझा पीळ त्याला धरून होता, हे मला कळलंच नाही. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. तिथे तो पडला तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तुझ्या दोऱ्या जपून ठेवल्यात. येशील का?

राग असू दे, त्यात लोभही असू दे.
धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या भावोजींना वाटलं, काळजीने वाचतेय. छे! टेकूचा भाग सोडून मी फक्त कांद्यांचा वाचत होते. इतकी वर्षं वाटायचं, आपल्या घरात जळणारी मी एकटीच. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

उद्याच्या गाडीने निघते. माझ्या उताराला तू हात लावायचा नाहीस. आणि नावांत माझं वर लिही, मी थोरली आहे. तोवर डोंगर सांभाळ. पडायचाच असेल तर मी पोचल्यावर पडू दे, मला बघायचंय.

लोभ पूर्ववत, जळफळाटही.
ताई