श्रीलताचा एपिसोड

१४ जानेवारी, सोलापूर
गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत ऋतुराजचा फोन. मी लिहितो ती गुन्हेगारी मालिका चॅनलकडून तोच सांभाळतो. "अरे, तुमच्या सोलापूरची ती बेपत्ता मुलगी! तुझ्या गल्लीतलीच ना? लिही की!"

श्रीलता. शेजारच्या सावित्रम्माची मुलगी, विरेशची बहीण. नवी पेठेत साड्यांच्या दुकानात होती. दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी दुकानातून निघाली ती घरी आलीच नाही.

नाही म्हणालो. "मग दुसरा कोणी लिहील," तो म्हणाला. दुसरा कसं लिहील, ठाऊक आहे मला. अकरा वर्षं हाच धंदा करतोय. पोरीला चार मित्र चिकटवील, आईला बेफिकीर दाखवील!

१६ जानेवारी
सावित्रम्माकडे गेलो. सूप मांडीवर, विड्या वळत बसलेली. सगळं सांगितलं.

"लिव की. टीव्ही लई लोकं बघत्यात. कुणाला तरी आठवंल." मग सूप खाली ठेवून माझा हात धरला. "पण मृत्युंजय, मारू नको हां तिला."

"नाही मारणार." किती सहज म्हणालो!

२ फेब्रुवारी
लिहून झालं. शेवटी आई वाट बघत उभी, आणि पडद्यावर पोलिसांचा फोन नंबर. बस. माझ्या एपिसोडमध्ये पहिल्यांदाच कुणी मेलं नाही. माझ्या आईला, अव्वाला, वाचून दाखवलं, ती डोळे पुसत उठून गेली.

५ फेब्रुवारी
ऋतुराजचा मेसेज — "प्रेत कुठाय?"

११ फेब्रुवारी, मुंबई
मीटिंग. भांडलो. चॅनलच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "शेवट नसलेली गोष्ट लोक बघत नाहीत." सावित्रम्मा रोज तेच जगतेय.

माझं नाव काढा म्हणालो. ऋतुराज म्हणाला, "काढतो. मग पोरीचं काय करायचं ते आम्ही बघू."

शेवटी मीच मारली. नाव बदललं, गाव बदललं. विहिरीत ढकलली. रक्त दाखवलं नाही — मोठे उपकारच केले!

२३ मार्च, सोलापूर
सावित्रम्माला आधी सांगायला हवं होतं. आठवडाभर तिच्या दारापर्यंत जाऊन परत येत होतो. आज एपिसोड लागणार म्हणून ती स्वतःच आमच्याकडे बघायला आली, नवी साडी नेसून.

नाव वेगळं असलं म्हणून काय झालं? पोरीचं हसणं, अम्माशी लटकं भांडणं, सगळं मीच लिहिलेलं. पहिल्याच सीनला ती म्हणाली, "आमची श्री!" विहीर आली तसा मी टीव्ही बंद केला. उशीर झाला होता.

ती रडली नाही. "तुला पोलिसांनी सांगितलं व्हय?"

"नाही हो, गोष्ट आहे ती. रचलेली."

"मारणार न्हाई म्हणलेला तू. तरी मारलास. म्हणजे तुला ठाऊक हाय."

अव्वाची शपथ घेतली, पाया पडलो. तिला पटलंच नाही.

२४ मार्च
ऋतुराज — "जबरदस्त रिस्पॉन्स! असंच पुढचं लिही." उत्तर दिलं नाही. देणारही नाही.

४ एप्रिल
दीड वर्ष "येईल की" म्हणणारी सावित्रम्मा. आज तिनं श्रीलताचे विधी केले. देह नाही, म्हणून दर्भाचा पुतळा. भाऊ विरेशनं अग्नी दिला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं केलास. आता वाट बघायची न्हाई."



५ एप्रिल
दुपारी अनोळखी नंबर.

"अण्णा, मी श्रीलता. मोबाईलवर आत्ता बघितला तुझा तो एपिसोड. मी हाय, अण्णा! माझ्या मनानं लग्न केलंय. विरेशच्या भीतीनं लपले. अम्माला खरं वाटलं न्हाई ना ते?"

मी खिडकीतून सावित्रम्माच्या दाराकडे बघितलं.

"अण्णा? अम्माला दे की फोन."