साहेबांना सुधीर कसं म्हणू

गुरुवार, संध्याकाळ. वाळूजची खोली.

आज गेलो एकदाचा. गारखेड्यात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते हे कधीचं माहीत होतं, पण पाय वळत नव्हता. कंपनीत कळलं तर? पाचोडला आईच्या कानावर गेलं तर?

दारातून आत बघितलं, तर आमच्या लाइनचे सुपरवायझर साहेबच चहा वाटत होते. पळावं वाटलं. तेवढ्यात त्यांनी कप पुढं केला. "ये, बस. इथं कुणी साहेब नाही. मला सुधीर म्हण."

सुधीर? रोज ज्यांच्या शिव्या खातो त्यांना?

मग ते उठून बोलले. दारूपायी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, ती अजून आली नाही, सगळं. माझी पाळी आली तर मी नुसतं नाव सांगितलं. पुढं जीभच उचलंना.

निघताना साहेब चपला घालत म्हणाले, "कंपनीत मात्र..."

"नाय सांगत कुणाला, साहेब."

"सुधीर म्हण म्हणलो ना," म्हणून हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाय. परत गेलो नाय तर त्यांना वाटणार, पोरगा माझं ऐकून गेला, आता कंपनीभर करील. माझी दारू सुटंल न सुटंल, पण येत्या गुरुवारी जावंच लागंल. माझं पण सगळं सांगावं लागंल. माझं काहीतरी त्यांच्याकडं असलं, तरच ते निवांत राहतील.

आईच्या शेळ्या विकून प्यालो, तिथूनच सुरू करावं लागंल.