संस्थेचा इतिहास, पान पाचपासून

२ जानेवारी, सकाळी
नवी डायरी. संकल्प: रोज लिहिणे. (काल राहिलं. लोकांचे फोन.)
मोठी बातमी. कुपवाड एमआयडीसीतल्या ज्या सरकारी डिजिटल उत्पादन संशोधन संस्थेत आमची मुलगी ब्राह्मी इंजिनिअर आहे, त्या संस्थेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. फेब्रुवारीत मुंबईहून समिती येणार. संस्थेला पुढे निधी द्यायचा की कुलूप लावायचं, ते ती ठरवणार. ब्राह्मीचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतं. म्हणजे पोरीची नोकरी माझ्या लेखणीवर आली. ब्राह्मी म्हणाली, आण्णा, मॅडमनी फक्त शुद्धलेखन तपासून द्या म्हटलंय. विनय माझाच घेतलाय तिनं.
आयुष्यभर साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल लिहिले. इतिहास म्हणजे त्याहून काय वेगळं असतं?

५ जानेवारी
डायरेक्टर मॅडमना भेटलो. डॉ. संयोगिता घार्गे, वडूजच्या, वडील मिलिटरीत. म्हणाल्या, काका, फार तर सोळा पानं. आठ वर्षांत काय काम झालं तेवढंच लिहा. चला, मशीन दाखवते. म्हटलं, मशीन मागाहून. आत एसी फार, मला सर्दी होते.
आराखडा: पान एक ते चार शुभेच्छा संदेश. पान पाचपासून इतिहास.

९ जानेवारी
शुभेच्छांना सुरुवात. यातली पद्धत नवख्याला कळत नाही. संदेश आपणच लिहून न्यायचा, साहेबांनी सही करायची. मोठ्या माणसांना लिहायला कुठून वेळ असणार? माझा मजकूर: 'ही संस्था आमच्या भागाची शान असून तिच्या पाठीशी मी तन-मन-धनाने खंबीरपणे उभा आहे.' इस्लामपूरला आमचे जुने चेअरमन लालासाहेब यांनी न वाचता सही केली. याला म्हणतात विश्वास.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन सह्यांचा दौरा. एकाचे अकरा झाले. लालासाहेबांचा संदेश घेतला म्हटल्यावर विरोधी गटाचे ज्योतिबाअण्णा रुसणार, म्हणून त्यांचा. मग बँक, दूध संघ, बाजार समिती. म्हसवडलाही जाऊन आलो, नाहीतर मॅडमच्या भागावर अन्याय झाला असता.
इतिहास आता पान बारापासून.

२१ जानेवारी
लालासाहेबांच्या पीएचा फोन. ज्योतिबाअण्णांचा फोटो वर कसा? बदलला. मग ज्योतिबाअण्णांच्या पीएचा फोन. दोघांना समोरासमोरच्या पानांवर टाकलं, सारख्या आकारात. असल्या गोष्टी डिजिटलवाल्यांना जमायच्या नाहीत.
संध्याकाळी हळद पॉलिशवाला जयराज घरी आला. म्हणाला, आवं सर, गेल्या सीझनला माझ्या पॉलिशच्या ड्रमचं गिअर मोडलं. कंपनी कवाच बंद पडल्याली, पार्ट कुठंच मिळंना. ब्राह्मीताईनं मोडका तुकडा स्कॅन केला, कॉम्प्युटरवर जसाच्या तसा काढला आन आठवड्याच्या आत नवं गिअर हातात दिलं बघा. न्हाईतर आख्खा सीझन गेला हुता. ह्ये लिवा की तेवढं.
विचारलं, पद काय आपलं? म्हणाला, पद न्हाई, ड्रम हाय.
चहा पाजून पाठवला. पद नाही तर फोटोखाली लिहायचं काय? तरी संकल्प: चार ओळींत कुठेतरी घ्यायचं.

३० जानेवारी
आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, म्हणून भांडणंही लवकर होतात. ब्राह्मी म्हणाली, आम्ही इतक्या वर्कशॉपना मदत केली, पोरांना शिकवलं, ते कुठाय? म्हटलं, पान एकतीस. ती म्हणाली, आण्णा, माझी नोकरी आहे ही. म्हटलं, म्हणूनच एवढी धावपळ करतोय. ती ताटावरून उठली. तिची आई प्रभावती म्हणाली, पोरीचं ऐका जरा. हिला छपाईतलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी
प्रेसमध्ये दिवसभर. संदेश चौतीस झाले, पानं संपली. इतिहास मागच्या कव्हरच्या आत घेतला, प्रेसच्या पत्त्याच्या वर. 'संस्थेची स्थापना आठ वर्षांपूर्वी झाली. तेव्हापासून ती अखंड कार्यरत आहे.' इतिहास मोजकाच बरा, लांबला की वाद होतात. जयराजचं गिअर जागेअभावी राहिलं.
अजून एकदाही मशीन बघितलं नाही. उन्हाळ्यात नक्की. तेव्हा एसी बरा वाटेल.

२४ फेब्रुवारी
समिती आली. फेटे बांधले. मॅडम पडद्यावर कसले कसले आलेख दाखवत होत्या, ब्राह्मी मशीनपाशी उभी. समितीचे अध्यक्ष मात्र सगळा वेळ माझी स्मरणिका वाचत होते. पेन्सिलीनं खुणा केल्या! माझ्या एकाही अहवालावर कधी कुणी खूण केली नव्हती. मला विचारलं, हे सगळे खरंच पाठीशी आहेत? म्हटलं, आहेत म्हणजे काय, आणखी हवेत तर आणतो.
घरी येऊन प्रभावतीला सांगितलं, पोरीचं काम झालं.

१२ मार्च
पत्र आलं. मॅडमनी फोनवर वाचून दाखवलं. 'स्थानिक पातळीवर चौतीस मान्यवर तन-मन-धनाने संस्थेच्या पाठीशी उभे असल्याचे स्मरणिकेवरून दिसून येते. सबब शासकीय निधीची आवश्यकता उरलेली नाही.'
म्हटलं, बघा मॅडम, शब्द न शब्द वाचलाय. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.
ब्राह्मी खोलीचं दार लावून बसली. प्रभावती एवढंच म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. काळजीचं काही कारण नाही. चौतीस जण आहेत. उद्यापासून भेटी.

१८ मार्च
लालासाहेब म्हणाले, आवं मगदूम, धनानं उभा हाय म्हणून मी कवा म्हणलं? तुमीच लिवलंसा, तुमीच आनलंसा. मी आपली सही केली. फोटो मातूर लय झ्याक आलाय.
ज्योतिबाअण्णा म्हणाले, लालासाहेब किती देत्यात बघू, मग ठरवू.
बाकीचे बैठकीत. काहींची बैठक मी फाटकात असतानाच सुरू झाली. जयराज तेवढा दहा-बारा वर्कशॉपवाल्यांना घेऊन मॅडमना भेटून आला म्हणे, मुंबईला जाऊ म्हणाला. चांगला माणूस. पण त्यांच्यात एकालाही पद नाही.

३१ मार्च
संस्थेला कुलूप. मशीन बघायचं राहिलं. ब्राह्मी घरी आली, डबा घासला, पालथा घातला. भांडली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं. उद्या प्रभावतीशी बोलेन. (पित्तही झालं आहे.)

६ एप्रिल
ब्राह्मीला चाकणला नोकरी लागली. तिची तिनं शोधली. सकाळी स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना म्हणाली, आण्णा, तेवढ्या शुभेच्छा देऊ नका.
म्हटलं, बरं. पोचलीस की फोन कर.
दुपारी फोन आला. हिला.