वायपर नंबर दोन

२५ जुलै १९६५, रविवार
रोजनिशी पुन्हा सुरू. मागची १९६२ मध्ये बंद पडली होती. या वेळी बंद पडणार नाही, कारण या वेळी कारण आहे. कारण म्हणजे गुणवंतराव हिंगवे.

सिव्हिल लाइन्सहून फॅक्टरीच्या साहेबांना भेटून परत येत होतो. धो धो पाऊस. निम्म्या वाटेत वायपरची मोटर बंद पडली. आमची गाडी १९३९ची. तिची मोटर काचेच्या वर चौकटीला बसवलेली आहे आणि तिला आतून एक मूठ आहे, मोटर रुसली तर हाताने फिरवायला. विनता शेजारी बसून सात मैल ती मूठ फिरवत होती. आमच्या खमरिया वसाहतीच्या बसथांब्याच्या शेडमध्ये हिंगवे उभे होते. त्यांनी पाहिलं. हात हलवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर विनता भजनाला गेली. हिंगव्यांच्याच घरी, त्यांच्या बायकोकडे, नंदावहिनींकडे. हात दुखत असूनही गेली. केवढी सहनशील बाई.

२६ जुलै
फॅक्टरीचं कँटीन. हिंगवे सगळ्यांसमोर म्हणाले की खिरवडकरांच्या गाडीला दोन वायपर आहेत, एक काचेवर आणि दुसरा शेजारच्या सीटवर. टेबल हसून लोटपोट. मीही हसलो, पण तो डावपेच होता.

घरी विनताला सांगितलं. तिने एकदम पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. बिचारी रडत होती. मी तिथेच शपथ घेतली. माझ्या बायकोचा अपमान करणाऱ्याला या वसाहतीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.

१ ऑगस्ट, रविवार
विष्णुपंत आले. रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्या मंडळाचे अध्यक्ष. चार वर्षं मंडळाचा गणपती विसर्जनाला माझ्याच गाडीतून नदीवर ग्वारीघाटला जातो. मागच्या सीटवर बाप्पा, स्टिअरिंगवर मी. तो मान माझा आहे. विष्णुपंत म्हणाले की ज्या गाडीची काच पुसली जात नाही तिच्यात मूर्ती देणार नाही, घाटाचा उतार निसरडा असतो. अनंत चतुर्दशीपर्यंत वायपर सुरू झाला नाही तर हिंगव्यांच्या मेव्हण्याची जीप सांगून ठेवली आहे.

म्हणजे कट आहे. मेव्हण्यापर्यंत पोचलेला कट.

२ ऑगस्ट
निश्चय. नवी मोटर. एका रविवारचं काम. मी स्वतः करणार.

८ ऑगस्ट, रविवार
गढ्याला नथ्थू मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे मिलिटरी डिस्पोजलच्या जुन्या सामानाचा ढीग असतो. त्याने गाडीकडे न बघताच सांगितलं की भैयाजी, पहले तार देख लो, मोटर बाद में. मी त्याला शांतपणे सांगितलं की मी फॅक्टरीत चौदा वर्षं इन्स्पेक्टर आहे, दोष कुठे आहे हे मला वासावरून कळतं. तो अच्छा म्हणाला आणि बिडी पेटवली. ढिगातून एक दणकट मोटर काढून दिली. जुनी तिथेच काढून त्यालाच देऊन टाकली. सूड घेणारा माणूस जुन्या वस्तू सांभाळत बसत नाही.

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदन करून कामाला लागलो.

सकाळी नऊ. चौकटीतला पहिलाच स्क्रू तुटला. गंज. इंग्रज साहेबाच्या काळातला गंज आहे, माझा दोष नाही.
अकरा. मोटर जुनीपेक्षा मोठी. भोक वाढवलं.
एक. बसली.
दीड. उलटी बसली. वायपर काचेवर न जाता टपाकडे जातो आहे.
पाच. सुलटी बसली. आता कळलं की या मोटरला हाताने फिरवायची मूठच नाही. एका अर्थी बरं झालं. परतीचे दोर कापले. विनता मात्र म्हणाली की काहून इतका जीव काढून राहिले, मूठ होती तर मी फिरवतच होते ना. तिच्या मनाला ती गोष्ट किती लागली आहे हे यावरून दिसतं.

२२ ऑगस्ट, रविवार
बटण दाबलं. काही नाही. बॅटरी चार्ज करून आणली. काही नाही. मोटर मिलिटरीची आहे, तिला हुकमाची सवय असेल. ओरडूनही पाहिलं.

परत गढ्याला. नथ्थू पुन्हा म्हणाला की तार देख लो. या माणसाकडे दुसरं वाक्यच नाही. मी परत निघून आलो.

३० ऑगस्ट, गणेश चतुर्थी
मंडळात स्थापना. हिंगव्यांनी आरती इतक्या मोठ्याने म्हटली की बाप्पालाही बाहेर जावंसं वाटलं असेल. आरतीनंतर प्रसाद घेता घेता विचारलं की काय खिरवडकर, कितवा वायपर चालू आहे. विष्णुपंतांसमोर! मी सांगून टाकलं की वायपर तयार आहे. हे खोटं नाही. खरं आहे, फक्त थोडं आधी सांगितलं.

३ सप्टेंबर, शुक्रवार
आज देवानेच हिंगव्यांना माझ्या हातात दिलं.

ते पेटी विभागात चार्जमन, कामगारांवर देखरेख करणारे. दारूगोळा भरायच्या त्यांच्या बाराशे लाकडी पेट्यांचा लॉट माझ्यासमोर पासिंगला आला. पेट्यांवरची अक्षरं मला तिरकी वाटली. बराच वेळ मान वाकडी करून पाहिल्यावर तर नक्कीच तिरकी वाटली. लॉट रिजेक्ट. लाल शिक्का मी स्वतः मारला. शिक्का मारताना जे सुख झालं ते लग्नातही झालं नव्हतं.

हिशेब असा. सगळी अक्षरं खरवडून पुन्हा रंगवायची म्हणजे सहा-सात दिवस. नऊ तारखेला अनंत चतुर्दशी. त्या दिवशी हिंगवे पेट्यांत आणि मी घाटावर. आपल्याच डोक्याचं कधी कधी कौतुक वाटतं.

६ सप्टेंबर, सोमवार
लढाई पेटली. सकाळपासून रेडिओभोवती गर्दी. सगळ्यांच्या रजा रद्द, बारा बारा तासांची ड्यूटी. संध्याकाळी ब्लॅकआउट. विनता खिडक्यांना काळे कागद लावून राहिली होती, मी खुर्ची धरून उभा होतो. शेजारच्या दोन पोरांना पलटणीत बोलावणं आलं आहे. त्यांच्या आया आज मंडळात आल्या आणि बराच वेळ मूर्तीसमोर बसून राहिल्या.

विष्णुपंतांनी सांगितलं की मिरवणूक नाही, ढोल नाहीत. एकाच गाडीतून दुपारीच जायचं, उजेड असताना परत यायचं. आणि मेव्हण्याची ती जीप सिव्हिल डिफेन्सवाल्यांनी नेली!

म्हणजे गाडी माझीच. आज असा आनंद व्हायला नको होता. झाला.

७ सप्टेंबर
हिंगव्यांच्या माणसांनी रात्रंदिवस राबून बाराशेच्या बाराशे पेट्या पुन्हा रंगवल्या. साहेबांनी सांगितलं की माल ताबडतोब हवा आहे, परवाच्या परवा पास व्हायला हवा. आणि रिजेक्ट केलेला लॉट ज्याने रिजेक्ट केला त्यानेच पुन्हा तपासायचा, एक एक पेटी हातात घेऊन. नियमच आहे. नोटीस बोर्डावर लावलेला आहे. १९६१ मध्ये मीच लावला होता.

परवा म्हणजे नऊ तारीख. हिंगव्यांना मात्र छत्तीस तास सलग काम केल्याबद्दल त्या दिवशी दुपारनंतर सुट्टी.

८ सप्टेंबर
गाडी कोण चालवणार? मंडळात गाडी चालवता येते ती दोघांनाच, मला आणि त्यांना. मी म्हटलं किल्ली हरवली. विनताने फडताळातून काढून विष्णुपंतांच्या हातात ठेवली. स्वतः आरतीचं ताट धरून पुढच्या सीटवर बसणार आहे म्हणाली.

वायपर चालत नाही हे मी कोणालाच सांगितलं नाही. चालक बदलला की जबाबदारी बदलते.

९ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
दुपारी दोनला पाऊस. शेडच्या पत्र्यावर इतका वाजला की पेट्या मोजताना आकडा चुकला. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता कळेल हिंगव्यांना. काच आंधळी, विष्णुपंत चिडलेले, सगळ्यांसमोर फजिती! मग एकदम आठवलं की मागच्या सीटवर बाप्पा आहे आणि पुढच्या सीटवर विनता, आणि घाटाचा उतार. पुढच्या चारशे पेट्या मी देवाचं नाव घेत तपासल्या.

बाराशे पेट्या पास. अक्षरं सरळ होती. आधीही सरळच होती. हे एवढं एकच वाक्य खोडून टाकावं असं वाटतं, पण राहू दे.

घरी आलो तेव्हा गाडी दारात होती, धड. विनता थकून झोपली होती. तिला उठवलं नाही.

१० सप्टेंबर
सकाळी विनताने सगळं सांगितलं. रस्त्यात पाऊस आला, बटण दाबलं, वायपर ढिम्म. हिंगव्यांनी गाडी बाजूला घेतली, बटणाच्या मागे डोकं घातलं. एक तार सुटून लोंबकळत होती. विनताच्या केसांतला आकडा घेऊन त्यांनी ती बटणाला अडकवली. मोटर लगेच सुरू. घाटापर्यंत आणि घाटापासून घरापर्यंत काच लखलखीत. दहा मिनिटांचं काम होतं म्हणाली. विष्णुपंतांनी तिथेच ठरवून टाकलं की पुढच्या वर्षीही गाडी खिरवडकरांची आणि चालवायला हिंगवे.

माझा तोल गेला. म्हटलं, ज्या माणसाने तुझा एवढा अपमान केला त्याच्या शेजारी बसायची लाज नाही वाटली? तिने विचारलं, कोणता अपमान. मी ते दोन वायपरचं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, हिंगव्यांच्या आवाजात.

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. अगदी त्या दिवशीसारखेच. या वेळी मी पुढे जाऊन पाहिलं. ती हसून राहिली होती.

म्हणाली की ते वाक्य हिंगव्यांचं नाहीच, माझं आहे. त्या रविवारी भजनाला गेले तेव्हा हात दुखत होता म्हणून नंदाला मीच सांगितलं, आणि तिथे सगळ्या हसल्या, मग नंदाने घरी सांगितलं असेल. आणि मग तिने विचारलं की काहून, तुम्हाला नव्हतं का आवडलं?

सूड तूर्त स्थगित. मुख्य आरोपी माझ्याच घरात राहतो, आणि सकाळचा चहा त्याच्याच हातचा असतो. आज दोन कप घेतले.

आकडा गाडीत तसाच आहे. त्याला हात लावायचा नाही असं तिने बजावलं आहे.