प्रोटीनताई : एक दुरुस्ती

नॉर्थ यॉर्क
रविवार, ४ ऑक्टोबर २००९

प्रिय सुनेत्रा,

चारूदादाचे आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, खराब होत नाहीत. इकडे सगळे बरे. अरुणाने विंटर टायर्स आत्ताच बसवून घेतले. मी ‘बघू’ म्हटलं की डिसेंबर उजाडतो, हे तिला पंचवीस वर्षांत कळलंय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

बुधवारी ऊर्मीला डबे पोचवायला हॅमिल्टनला, तुमच्या युनिव्हर्सिटीत आलो होतो. “बाबा, आत्याचा टॉक आहे, यू आर कमिंग,” म्हणाली आणि मला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. तू पाहिलं नसशील. मी टोपी काढली नव्हती.

विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला, तरी मला कळलं, यावरून तू किती चांगलं सांगतेस ते समज. पेशी जनुकाची आरएनए नक्कल काढते, तिच्यात मधूनमधून नको असलेले तुकडे असतात. ते कापून उरलेलं नेमकं जोडावं लागतं. जोड एका अक्षराने सरकला तरी माणूस आजारी पडू शकतो. (आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात हेच काम संपादक करतात, फक्त नको ते ठेवतात.) आणि त्या कापाकापीत तुझं ते प्रोटीन, ज्याच्यामागे तू अकरा वर्षं आहेस.

मग तू म्हणालीस, हे प्रोटीन स्वतः कापतं असं आम्ही तीन वर्षांपूर्वी छापलं, ते चूक होतं. ते कापत नाही, कापायची जागा धरून ठेवतं. तुला कोणी पकडलं नव्हतं. तूच प्रयोग पुन्हा करून पाहिलास. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी विचारलं, मग आधीच्या पेपरचं काय? “इट वॉज राँग. आय रोट इट,” म्हणालीस आणि पुढची स्लाइड लावलीस. आवाजसुद्धा बदलला नाही.

मी चष्मा पुसत बसलो. ऊर्मीने पाहिलं, पण बोलली नाही. हा गुण तुझा, माझ्याकडे नाही.

आता जे इतका वेळ टाळतोय ते. गेल्या दिवाळी अंकातला माझा विनोदी लेख, ‘प्रोटीनताई’. नाव कुठे घेतलंय, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, हॉलमध्ये वाचूनही मीच दाखवला. ‘नवरा सुटला, पण प्रोटीन सुटेना’ याला दोनशे माणसं हसली. तू तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो आणि वाक्य पुन्हा वाचलं. भाऊबीजेला तू आली नाहीस, तेव्हा घरात म्हणालो, “हिला विनोदच कळत नाही.”

नंदकुमार तुला सोडून गेला त्या दिवशी तू पहिला फोन मला केला होतास. रडत जे बोललीस, त्यातूनच ते वाक्य मी उचललं. हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.

काल संपादक जयंतीबाईंना या वर्षीसाठी चार ओळी दिल्या : ‘गेल्या वर्षीचा माझा लेख चूक होता. तो माझ्या बहिणीवर होता. तिचं काम मला कळत नव्हतं. तिचं दुःख कळत होतं, तरी लिहिलं.’

“यात हसायचं कुठे?” त्या म्हणाल्या.

“कुठेच नाही. छापा.”

हॉलमध्येही मीच वाचणार आहे. भाऊबीज सोमवारी, एकोणीसला. ये म्हणण्याचा हक्क मी घालवलाय; तू आलीस न आलीस, तरी त्या ओळी छापून येतील.

तुझ्याहून फक्त वयाने मोठा,
चारूदादा